दाबून धरलेला हात

तीस वर्षांच्या नोकरीतली ती एक सकाळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. पुष्कळ गुन्हे मी विसरलो, काहींच्या तर आरोपींचे चेहरेही आठवत नाहीत. या प्रकरणातले मात्र सारे आठवते. माणसांची नावे मी मुद्दाम देत नाही.

पहिली मोठी लढाई संपून सहा-सात वर्षे झाली होती. मी धुळ्याच्या बाजूला एका लहान ठाण्याचा फौजदार होतो. बैलचोरीच्या तपासासाठी एका गावी गेलो होतो आणि हवालदाराला घेऊन चावडीत जबाब लिहून घेत होतो. दहाच्या सुमारास एक म्हातारा गुराखी धापा टाकत आला.

"साहेब, नाल्याकडे चला. पलटणवाला मना मालकले मारी ऱ्हायना. आंगवर बठेल शे."

वाटेत पोलीस पाटलांनी मला माहिती दिली. पलटणवाला म्हणजे गावातलाच एक शेतकरी. लढाईत तो बसऱ्याकडे गेला होता आणि तिथे जखमींच्या डोल्या वाहत असे. गुराख्याच्या मालकाचे शेत त्याच्या शेताला लागून होते. आठच दिवसांपूर्वी दोघांचे बांधावरून चावडीसमोर कडाक्याचे भांडण झाले होते. पाटील म्हणाले, "एकमेकाला पाहून घेईन म्हणाले होते, साहेब. साऱ्या गावानं ऐकलंय."

एवढे ऐकल्यावर माझ्या डोक्यात खटला तयार झाला. जागेवर पोहोचण्याआधीच.

नाल्याच्या काठी बाभळीखाली एक धिप्पाड माणूस उताणा पडला होता. पलटणवाल्याने एक गुडघा त्याच्या ओटीपोटावर रोवला होता आणि मूठ जांघेत खुपसून अंगाचा सारा भार तिच्यावर टाकला होता. हात कोपरापर्यंत रक्ताने भरलेले. बाजूला कुऱ्हाड पडली होती. आम्हाला पाहून तो ओरडला नाही, पळाला नाही. म्हणाला, "हात काढू नका, साहेब. हात निघना ते रगत थांबाव नही."

मी ते ऐकले. पण पकडले गेल्यावर माणसे काहीही बोलतात, हे मला नोकरीने शिकवले होते. मी हवालदाराला खूण केली. आम्ही दोघांनी मिळून त्याला मागून धरले आणि ओढून बाजूला केले.

त्याच्या मुठीखाली कापडाचा बोळा होता, तोही हाताबरोबर निघून आला. मग जे रक्त उसळले ते मी कधी पाहिले नव्हते. पाटलांनी आपला रुमाल जखमेवर टाकला. तो लगेच भिजला. पलटणवाला मागे हात बांधलेल्या स्थितीत सांगत होता, "दाबा. कोनी तरी दाबा." मी त्याला गप्प बसवले. आम्ही जखमीला बैलगाडीत घातले. गाडी नाला ओलांडत असतानाच त्याने प्राण सोडला.

मी पंचनामा केला, कुऱ्हाड जप्त केली. पलटणवाल्याच्या कमरेला एक कापडी पिशवी होती, तीही न उघडता मोहोरबंद केली. प्रेत धुळ्याला पाठवले आणि आरोपीला ठाण्यावर आणून कोठडीत घातले.

दोन दिवस मी त्याची कसून चौकशी केली. भांडण झाले होते का? झाले होते. धमकी दिली होती का? दिली होती. मग अंगावर का बसला होतास?

"लाकडं तोडता तोडता कुऱ्हाड सुटनी आनि जांघमा बसनी. तो वरडना म्हनीसन मी पळत गऊ. शीर दाबी धरी व्हती, साहेब."

प्रत्येक वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत. हवालदाराने त्याला दोन थपडा मारल्या. मी अडवले नाही.

तिसऱ्या दिवशी मी जप्त कुऱ्हाड घेऊन, प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरांना भेटायला धुळ्याला गेलो. ते वयस्क आणि कमी बोलणारे होते. म्हणाले, "घाव खालून वर गेलाय. समोरच्या माणसानं मारलेला घाव असा जात नाही, आपलीच कुऱ्हाड झोक्यात निसटली तर जातो. आणखी एक. जखमेच्या वर दाबल्याचे वळ आहेत. कोणीतरी ती शीर चांगली धरून ठेवली होती. पट्टा बांधायला तिथं जागाच नसते, दाबणं एवढाच उपाय. कोणी शिकलेला माणूस होता का तिथं?"

मी त्यांचा अहवाल घेऊन निघालो.

परतताना पुन्हा नाल्यावर उतरलो. बाभळीची एक जाड फांदी अर्धी तोडलेली होती. खाली ताज्या ढलप्या होत्या. त्या पहिल्या दिवशीही तिथेच होत्या. मग मी कुऱ्हाड घेऊन मयताच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने ती हातात घेऊन दांडा हलवून पाहिला. "आमनीच शे," ती म्हणाली. "दांडा ढिला व्हता. पाचर ठोकी ल्या, असं मी सकाळी सांगं व्हतं." एवढे बोलून तिने कुऱ्हाड हळूच जमिनीवर ठेवली.

ठाण्यावर येऊन मी पंचांसमक्ष पिशवी उघडली. आत मेणकागदात गुंडाळलेली धुतलेल्या सुती कापडाची जाड घडी होती, लांब पट्टी होती, एक रुंद पट्टा, वीतभर काठी आणि बोथट टोकाची कात्री. माणूस रक्त जाऊन मरत असताना ही पिशवी माझ्या हाताशी होती.

मी त्याला सोडले. तो जायला निघाला तेव्हा मी त्याला माझ्यासमोर खुर्चीवर बसवले आणि विचारले, "नाना, ही पिशवी कशी भरायची ते मला सांगाल?" तो वयाने माझ्याएवढाच होता. तरी त्या दिवसापासून माझ्या तोंडी त्याच्यासाठी नानाच आले.

त्याने राग न धरता सांगितले. कापड जुने, मऊ आणि उकळलेले घ्यायचे. घड्या दोन तरी हव्यात, कारण जखम कधी आरपार असते. दोरी नको, ती मांसात रुतते. पट्टा तीन बोटे रुंद हवा, आणि तो आवळायला काठी. औषधाच्या बाटल्यांचे ओझे नको. "पिशवी पेटीमा ठेवानी नही, साहेब. घोडाना खोगीरलेबी नही. घोडं पळी जास. आंगवर ठेवानी, दोन्ही हात पोचतीन तठे."

तशी पिशवी मी पुढे नोकरी संपेपर्यंत कमरेला बाळगली. एकदा भुसावळजवळ गाडीच्या चाकाखाली पाय गेलेल्या बाईला तिचा उपयोग झाला, ती जगली. एकदा एका हमालाला झाला नाही.

नानांना मी आमच्या शेवटच्या भेटीत विचारले होते की, गावात तुम्ही माझ्याबद्दल काही सांगितले का. ते म्हणाले, "काय सांगू? तुम्हीबी मारं नही, साहेब. तुम्हले जे दिसनं ते तुम्ही करं." त्यांनी मला दोष दिला असता तर बरे झाले असते.

पुराव्यात चूक झाली तर ती दुरुस्त करता येते. आरोपी सुटतो, कागद बदलतात. पण घाईने ओढलेला हात परत ठेवता येत नाही. रक्ताने भरलेले हात दिसले की ते काय करीत आहेत हे आधी पाहावे, एवढेच मी त्यानंतर हाताखालच्या प्रत्येक शिपायाला शिकवत राहिलो. का शिकवतो ते मात्र कोणाला सांगितले नाही.

त्या दिवशीच्या स्टेशन डायरीत मी लिहिले होते, 'घटनास्थळी पोहोचलो तेव्हा जखमी बेशुद्ध व मरणोन्मुख होता.' मयताच्या बायकोलाही मी तेच सांगितले. तिने दुसरे काही विचारले नाही. ती आता हयात नाही, नानाही नाहीत. ती नोंद खोटी आहे. मी पोहोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता आणि नानांच्या दंडाला घट्ट धरून होता.