चोरसरांना हवी होती एक अटक

पोलीस प्रशिक्षण शाळेत गोळीबार शिकवणारे सर होते, कायदा शिकवणारे सर होते, कवायत घेणारे सर होते आणि एक चोरसर होते. हे नाव त्यांना सरकारने दिलेलं नव्हतं. पण फाटकावर कुणी त्यांच्या खऱ्या नावाने चौकशी केली, तर पहारेकरी आधी डोकं खाजवायचा आणि मग म्हणायचा, "अच्छा, चोरसर होय, मागच्या मैदानावर बघा, पळत असतील."

नोकरीला लागले तेव्हा तेही बाकीच्या पोरांसारखे साधे शिपाई व्हायलाच आले होते. पण प्रशिक्षण सुरू होऊन थोडे दिवस झाले नाहीत, तोच त्या वेळच्या वस्तादांना सरावासाठी एक चोर हवा झाला. वस्तादांनी रांगेवरून नजर फिरवली आणि जराही विचार न करता यांच्याकडे बोट केलं. त्यात वस्तादांची काही चूक नव्हती. चेहराच असा होता की हा माणूस स्वतःच्या घराचं कुलूप किल्लीने उघडत असला, तरी शेजाऱ्याने खिडकीतून डोकावावं. भुवया जुळलेल्या, डोळ्यांना एका जागी ठरणं माहीत नाही आणि चालताना खांदे आत ओढलेले. लग्न ठरताना सासूबाईंनी फोटो बराच वेळ न्याहाळला होता आणि मुलगा पोलिसांत आहे म्हणजे नक्की कोणत्या बाजूला, असं विचारलं होतं.

त्या दिवशी ते असे पळाले की अख्ख्या तुकडीची दमछाक झाली. वस्ताद खूश. दुसऱ्या दिवशी पुन्हा चोर, तिसऱ्या दिवशी दरोडेखोर. बाकीची पोरं शिकून ठाण्यांवर गेली आणि यांना शाळेने ठेवूनच घेतलं. एवढा चांगला चोर हातचा कोण घालवणार? पुढे यथावकाश बढती मिळाली, ते प्रशिक्षक झाले आणि काम तेच राहिलं.

आणि कामात माणूस अव्वल होता. रडणारा चोर, शिव्या देणारा चोर, छातीला हात लावून कोसळणारा चोर, 'तुमच्या साहेबांना फोन लावू का' म्हणणारा चोर, सगळे त्यांच्या अंगात होते. पकडणाऱ्याने गुडघा पाठीवर रोवला तर ते पडल्या पडल्या त्याचे मार्क कापायचे. हातकडी घट्ट झाली, मार्क कापले. का पकडलं ते सांगितलं नाही, मग तर नापासच. त्यांच्या मनगटांना बेड्यांची इतकी सवय होती की बायको बांगड्यांचा जोड दाखवायला लागली, की ते सवयीने दोन्ही हात मागे न्यायचे. बायको मुलांच्या शाळेत गणित शिकवायची. ती म्हणायची, "अहो, हात पुढे घ्या, मी तुमची बायको आहे."

असं सगळं सुरळीत चाललं असताना शाळेला नव्या प्राचार्या आल्या. बाई धडाडीच्या, बरीच वर्षं गुन्हे शाखेत काढलेल्या. नवी तुकडी आली त्या सकाळी त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक प्रशिक्षकाने मंचावर येऊन आपण याआधी काय काय केलं ते मुलांना सांगायचं. मुलांना कळू दे, आपण कुणाकडून शिकतोय ते. गोळीबाराच्या सरांनी जंगलातली चकमक सांगितली. त्यातले दरोडेखोर दर वेळी वाढायचे, त्या दिवशी तर अख्खी बस भरली असती. कायद्याच्या सरांनी आपण उभे केलेले खटले सांगितले, त्यात अर्धी तुकडी पेंगली. कवायतीचे सर पूर्वी पोलिसांच्या बँडमध्ये ढोल वाजवायचे, हे मात्र त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं.

मग चोरसर उभे राहिले. एवढी माणसं एकदम समोर पाहिली की त्यांचे पाय दाराकडे वळायचे, ते त्यांनी आवरले. बाईंनी मदत म्हणून विचारलं की तुमची सगळ्यात लक्षात राहिलेली अटक कोणती. सर प्रामाणिकपणे म्हणाले की मी कुणाला अटक केलेली नाही, नेहमी मलाच होते. तुकडी खदखदून हसली. बाई हसल्या नाहीत.

दुपारी त्यांनी सरांना खोलीत बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की ज्याने आयुष्यात एकही माणूस पकडलेला नाही, त्याने पकडायचं कसं ते शिकवावं हे त्यांना पटत नाही. इथून पुढे प्रशिक्षकाच्या नावावर निदान एक तरी अटक हवीच. सरांची रजा बरीच साठली होती. ती घ्यावी, कुठल्याही ठाण्याच्या हद्दीत जावं आणि एक अटक करून यावं. नाही जमलं तर सोमवारपासून भांडारात बसावं. भांडारात बूट, पट्टे आणि टोप्या होत्या, आणि तिथलं काहीच पळत नव्हतं.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. भांडार म्हणजे पगार तोच, खुर्ची मऊ, वर पंखाही होता. पण मैदान गेलं तर आपण कोण, हे त्यांना कळेना. रात्री जेवताना त्यांनी ते बायकोला सांगितलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जा, पण गर्दीत एका जागी उभे राहू नका. लोक पिशव्या आवळतील."

तसंच झालं. साधे कपडे घालून सर बाजारात उभे राहिले, की आजूबाजूची गर्दी आपोआप पांगायची. एका घड्याळाच्या दुकानदाराने त्यांना काय हवंय असं विचारलं. त्यांनी काही नको म्हटल्यावर त्याने अर्धं शटर खाली ओढलं. पहिले दोन दिवस असे वाया गेले. खरे चोर असतील तेही यांना पाहून, आज इथे दुसरा कुणी कामावर आहे, असं समजून पुढच्या गल्लीत जात असावेत.

शनिवारी मात्र बसथांब्यावर त्यांना हवा तो माणूस दिसला. कडक इस्त्रीचा शर्ट, टाय, काखेत फाइल, चेहरा असा की मुलगी द्यावी. त्याने रांगेतल्या एका आजोबांना हात देऊन थांब्याची पायरी चढवली आणि चढवता चढवता त्यांच्या खिशातला मोबाइल स्वतःच्या खिशात घातला. काम इतकं सफाईदार होतं की सरांना मनातल्या मनात दाद द्यावी लागली.

आता पकडायचं. सर त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊकच नाही. म्हणजे ठाऊक होतं, पण उलट्या बाजूने. मनगट पिरगाळलं जातं तेव्हा कुठे कळ येते ते त्यांना माहीत होतं, पिरगाळणाऱ्याने अंगठा कुठे ठेवायचा ते त्यांच्या हातांनी कधी केलेलंच नव्हतं. शेवटी हातांनी आपल्याला येत होतं तेच केलं. टायवाल्याच्या खिशातून त्यांनी मोबाइल अलगद काढून घेतला. म्हटलं, आधी मुद्देमाल तर ताब्यात घेऊ, माणसाचं मग बघू.

नेमक्या त्याच क्षणी आजोबांनी खिसा चाचपला आणि मोबाइल गेला, मोबाइल गेला म्हणून आरडाओरडा केला. चौकातून पोलिसाची शिट्टी वाजली.

शिट्टी ऐकून सरांनी उभं राहायला हवं होतं. ओळखपत्र काढून दाखवायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत शिट्टी वाजली आणि ते उभे राहिले असं एकदाही घडलं नव्हतं. डोक्याने काही ठरवायच्या आत पाय सुटले. फळवाल्याच्या गाडीला वळसा, दोन रिक्षांच्या मधून, शिंप्याच्या दुकानामागच्या बोळात. टायवाला जागचा हलला नाही. उलट त्यानेच बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं की तो बघा, तो पळाला. ज्याने सरांचा चेहरा पाहिला होता, त्या प्रत्येकाने मान डोलावली.

मागून पावलं येत होती. सर बोळातून बाहेर पडल्यासारखं दाखवून पुन्हा आत वळले. ही त्यांची ठेवणीतली चाल, तिने भल्याभल्यांना चकवलं होतं. पण या वेळी वळले तर समोरच खाकी उभी. पुढच्याच क्षणी ते भिंतीला तोंड करून होते, दोन्ही हात मागे. पाठीत गुडघा नाही, हातकडीत बोटभर जागा, आणि एक दमलेला आवाज त्यांना सांगत होता की मोबाइल चोरल्याच्या संशयावरून तुम्हाला ताब्यात घेत आहे, आणि छातीत दुखतंय का, श्वास नीट येतोय का. सर मनात मार्क देत गेले. एकही कापता येईना.

मग खाकीतल्या त्या मुलीने त्यांना वळवलं आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ती मुंगी होती. गेल्या वर्षीच्याच तुकडीतली, चणीने एवढीशी, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे. ती 'सर' म्हणाली आणि त्याच वेळी सरांच्या खिशात आजोबांचा मोबाइल वाजायला लागला.

मुंगी म्हणाली, "सर, ठाण्यावर यावं लागेल."

"यावंच लागतं," सर म्हणाले.

वाटेत शेजारच्या एका काकूंनी ही वरात पाहिली आणि लगोलग सासूबाईंना फोन लावला. सासूबाईंना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही म्हणतात.

ठाण्याचे प्रमुख सरांचेच जुने विद्यार्थी निघाले. त्यांनी सरांना बेड्यांत पाहिलं आणि सवयीने म्हणून गेले, "या सर, बसा." मग भानावर येऊन त्यांनी घाईघाईने प्राचार्याबाईंना फोन केला. बाई आल्या तेव्हा खोलीत सगळे जमले होते. आजोबा होते आणि उत्साही साक्षीदार म्हणून टायवालाही आला होता. तो चहा पीत बसला होता.

आजोबांनी चष्मा पुसला, सरांकडे पाहिलं, टायवाल्याकडे पाहिलं आणि म्हणाले की मला पायरी चढवली ती यांनी, टायवाल्यांनी, आणि मी खिशाला हात लावायच्या आधी या दुसऱ्यांचा हात माझ्या खिशात नाही, या टायवाल्यांच्या खिशात गेलेला मी पाहिला. टायवाला दाराकडे झेपावला. पण पळण्याचा सराव नसल्यामुळे खुर्चीला अडखळला, आणि दारावरच्या शिपायाने नुसतं दार लावून घेतलं. झडती घेतली तर त्याच्या फाइलमध्ये कागद एकही नव्हता, मोबाइलच मोबाइल होते.

ठाणे प्रमुखांचा चेहरा उजळला. गुरूचं भलं करायची अशी संधी पुन्हा कधी येणार? ते बाईंना समजावून सांगू लागले की सगळं कसं स्पष्ट आहे. सर या माणसाच्या पाळतीवर होते, मुद्देमाल सरांनीच जप्त केला आणि आमच्या शिपायाला सावध करायला मुद्दाम पळून तिला मागे आणलं. पोरीची परीक्षाही झाली. तेव्हा ही अटक सरांच्याच नावावर लिहायला हवी.

बाई सरांकडे वळल्या. "असंच झालं का?"

नुसती मान हलवायची होती. मैदान परत मिळत होतं, अब्रू वाचत होती, वर शाबासकी होती. सरांनी मान हलवायला घेतली आणि त्यांची नजर मुंगीवर गेली.

ती खाली बुटांकडे बघत उभी होती, आणि सरांना एकदम मागच्या वर्षीची शेवटची चाचणी आठवली. वर्षभर ही पोरगी त्यांच्या मागे पळाली होती आणि एकदाही ते तिच्या हाती लागले नव्हते. चाचणीच्या दिवशी तिचे ओठ पांढरे पडलेले पाहून सरांना तिची दया आली आणि ते सपाट मैदानात ठेच लागून पडले. फार सुंदर पडले होते. तिने पकडलं, ती पास झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने मात्र वाजवल्या नव्हत्या. सपाट जमिनीवर ठेच लागत नाही हे तिला तेव्हाच कळलं होतं.

मुंगीने मान वर केली. "सर, आज पण पडलात का?"

सरांना त्या पोरीपुढे लाज वाटली, स्वतःची त्याहून जास्त वाटली. ते बाईंना म्हणाले, "नाही मॅडम. पाळत नव्हती, परीक्षा नव्हती. शिट्टी वाजली आणि मी घाबरून पळालो. जीव खाऊन पळालो. मला जे जे येतं ते सगळं केलं. हिने मला पकडलं."

पोलीसच शिट्टी ऐकून पळाला, हे पोलीस ठाण्यात उभं राहून सांगायला बरंच धाडस लागतं. मुंगी बाकावर बसली आणि हातांत तोंड लपवून ती हसत होती की रडत होती हे कुणाला कळलं नाही. बहुधा दोन्ही.

बाईंनी ठाणे प्रमुखांना विचारलं की तुम्ही यांना कधी पकडलं होतं का. प्रमुख कान खाजवत म्हणाले की पकडलं होतं, पण त्या दिवशी सरांच्या पायात गोळा आला होता. दारावरचा शिपाई न विचारताच म्हणाला की त्याच्या वेळी सरांच्या डोळ्यात कचरा गेला होता.

बाई उठून सरांसमोर आल्या. "सोमवारी मागच्या मैदानावर या," त्या म्हणाल्या. "मी पकडायला येते. थांबायचं नाही, पडायचं नाही."

सोमवारी नव्या तुकडीच्या देखत बाई सरांच्या मागे पळाल्या आणि सर त्यांना सापडले नाहीत. मंगळवारीही सापडले नाहीत. बुधवारी बाई नवे बूट घालून आल्या आणि भांडारातली ती मऊ खुर्ची कवायतीच्या सरांना देऊन टाका, त्यांच्याही नावावर अटक नाही, असं जाता जाता सांगून पुन्हा चोरसरांच्या मागे लागल्या.