नावं पुकारणारा दुर्मुशआगा

चोविसाव्या वर्षी दुर्मुशआगा मानेवर पडला आणि पैलवानकीतून कायमचा उठला. तीन महिने तो अंथरुणात छताकडे बघत पडून होता. चौथ्या महिन्यात आमच्या कोजापिनार गावच्या मैदानाचा म्हातारा जाझगीर वारला. जाझगीर म्हणजे कुस्ती लावण्याआधी दोन्ही पैलवानांचे हात धरून त्यांची नावं पुकारणारा माणूस. पैलवान आजारी पडला तर मैदान थांबत नाही, पण जाझगीराचा घसा बसला की थांबतं. गावातली चार माणसं दुर्मुशआगाच्या खाटेपाशी गेली आणि म्हणाली, "मान वळत नाही ना तुझी? नाही तर नाही. तोंड तर उघडतंय."

तिथून पुढे तीस वर्षं त्यानं नावं पुकारली.

मी रेमझी, पहिल्यांदा तेल लावून मैदानात उतरलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. गुडघ्यापर्यंतची चामड्याची विजार भावाची होती, कमरेला दोरीनं आवळलेली. दुर्मुशआगानं माझं मनगट धरलं आणि ढोल-सनई थांबली. "कोजापिनारचा रेमझी! गवंडी मुस्तफाचा लेक!" आवाज असा गेला की पलीकडच्या टेकाडावरची मेंढरं माना वर करून बघायला लागली. मग त्यानं माझ्यावर दोन ओळी जुळवल्या:

"डोंगर आडवा आला तरी खांदा नाही झुकला,
आईनं हाक मारली की मात्र चटकन वाकला!"

लोक खदाखदा हसले. मी दोन मिनिटांत चितपट झालो, पण त्या दिवशी मला वाटलं, आपण कोणीतरी आहोत. तो प्रत्येकाला असंच करून सोडायचा. नाव, बापाचं नाव, गाव. हे तीन शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडले की माणूस वीतभर उंच व्हायचा.

एरवी तो सहकारी शेतावर तंबाखू लावायचा, आमच्यासारखाच. संध्याकाळी कॉफीच्या दुकानात बसायचा. तिथं आम्ही तुर्क आणि आमचे बल्गेरियन शेजारी एकाच टेबलाला भांडायचो. शाळेचे पेन्चो मास्तर जाडजूड पुस्तक घेऊन यायचे. एकदा म्हणाले, "कुस्ती मुळात ग्रीकांची. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांवर चित्रं सापडली आहेत."

"मडक्यांवर?" माझा बाप म्हणाला. "माझ्या बायकोच्या मडक्यावर कोंबडा आहे, मास्तर. म्हणून काय कोंबडा तिनं शोधला? कुस्ती आमच्या पणजोबांनी आणली, घोड्याच्या पाठीवर बसून, पार आशियातून."

"आणि त्याआधी इथले लोक एकमेकांना काय फुलं देत होते?"

दोघं दुर्मुशआगाकडे वळले. त्यानं कप खाली ठेवला. "आईनं पोराला पहिल्यांदा न्हाऊ घालायला धरलं ना, तेव्हा कुस्ती सुरू झाली. ते निसटतं, ती धरते. अंगाला तेल चोळलेलं असतंच. पुढचं सगळं तुमच्या पुस्तकात."

मास्तर हसून हसून खोकायला लागले. "हे लिहून घेऊ का?"

"घ्या की. पण खाली माझं नाव घाला. बापाच्या नावासकट."

पंच्याऐंशी सालच्या जानेवारीत, कमरेएवढ्या बर्फात, गावाच्या दोन्ही रस्त्यांवर लष्करी गाड्या येऊन उभ्या राहिल्या. बल्गेरियन सरकारनं ठरवलं होतं की या देशात तुर्क नाहीतच. जे आहेत ते नावं विसरलेले बल्गेरियन. पंचायतीत टेबल मांडलं. घराघरातून माणसं आणली. समोर नव्या नावांची यादी, त्यातलं एक निवडायचं आणि सही करायची. नाही म्हणणाऱ्यांना शेजारच्या खोलीत नेत. बाहेर येताना ते सही करत.

मी रांगेत दुर्मुशआगाच्या मागेच होतो. टेबलाशी पेन्चो मास्तरांना बसवलं होतं, अक्षर चांगलं म्हणून. त्यांनी मान वर केली नाही.

"नाव?" बाहेरून आलेल्या साहेबानं विचारलं.

"दुर्मुश."

"हे कसलं नाव?"

"दुर्मुश म्हणजे राहिला," तो म्हणाला. "माझ्या आधीची तीन गेली. मी जन्मलो तेव्हा आई म्हणाली, हा तरी राहू दे. म्हणून दुर्मुश. हे नाव नाही साहेब, आईचं गाऱ्हाणं आहे. ते तुम्ही कसं बदलणार?"

साहेबानं यादीवर बोट ठेवलं. "दोब्री. लहान आहे, सोपं आहे."

मास्तरांनी लिहिलं. त्यांच्या हातातली लेखणी कागदाला दोनदा अडकली. दुर्मुशआगाचा मुलगा नेवझात तेव्हा तेवीस वर्षांचा, आमच्या मैदानातला सगळ्यात भारी पैलवान. त्याला शेजारच्या खोलीतून दोघांनी धरून आणलं. तो नेव्यान झाला. मी रुमेन. दुर्मुशआगाची बायको, आमची फिक्रीयेवहिनी, फिल्का झाली. ती घरी आली, चूल पेटवली आणि म्हणाली, "फिल्काला स्वयंपाक येत नाही. आज उपाशी झोपा." आम्ही हसलो. तीही हसली, मग डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून आत गेली.

मे महिन्यात, हिदरेलेझच्या सणाला, दरवर्षी मैदान भरायचं. त्या साली बंद असेल असं वाटलं होतं, पण वरून हुकूम आला: भरवा. सगळं सुरळीत आहे हे पाहायला पाहुणे येणार होते. त्याच साहेबानं दुर्मुशआगाच्या हातात एक कागद दिला. नवी नावं, बल्गेरियन भाषेत. तुर्की बोलायला तर रस्त्यावरही दंड होता. आणि नावांच्या आधी एक परिच्छेद वाचायचा होता, की कुस्ती याच मातीतल्या प्राचीन पूर्वजांनी निर्माण केली आणि आपण सगळे त्यांचेच वंशज.

पहिली जोड माझी आणि नेवझातची होती. दुर्मुशआगा मधे आला. त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि आमची मनगटं धरली. त्याचा हात थंडगार होता. मग तुर्कीत, त्याच जुन्या आवाजात म्हणाला:

"माझ्या उजव्या हाताला कोण आहे? पुराच्या साली ज्याच्या बापानं गिरणीचं दार खांद्यावर तोललं आणि आतली सात माणसं बाहेर काढली, त्याचा लेक आहे. त्या बापाचं नाव मी घेत नाही. कोणाला माहीत आहे का?"

मागच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "मला माहीत आहे! त्या सातांत मी होते!"

"डाव्या हाताला कोण आहे? माझ्या घरात जन्मला. त्याच्या आईनं त्याला काय हाक मारली, ते कोणाला माहीत आहे?"

"आम्हाला!" या वेळी सगळं मैदान बोललं.

तिसऱ्या जोडीपाशी साहेब आत घुसला. "नावं घे! लिहून दिली आहेत ना?"

दुर्मुशआगानं खिशातून कागद काढून त्याच्या हातात ठेवला आणि मोडक्यातोडक्या बल्गेरियनमध्ये म्हणाला, "ही नावं तुमची आहेत. तुम्हीच पुकारा."

साहेबानं खरंच यादी पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. रुमेन अमका, नेव्यान तमका. कोणी पुढं आलं नाही. लोक नंतर म्हणाले की आम्ही पोरं मोठ्या धीरानं अडून उभी राहिलो. मी कसला धीट? हाक आपल्याला आहे हेच मला कळलं नाही.

आठवड्याभरात दुर्मुशआगाला उचललं. देशाच्या दुसऱ्या टोकाला, डॅन्यूबकाठच्या एका गावात, वीटभट्टीवर. रोज चौकीत हजेरी, गाव सोडायची बंदी. वहिनीनं दोनदा लोकरीचे मोजे पाठवले. एकदाच पोचले.

फेब्रुवारीत वहिनीला न्यूमोनिया झाला. सहा दिवसांत गेली. नेवझातनं तार केली, पण दुर्मुशआगाला परवानगी मिळाली ती अकराव्या दिवशी, तीही एका दिवसाची. जायलाच दीड दिवस लागत होता. त्याला सोडलं पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर.

घरी पिशवी टाकून तो म्हणाला, "रेमझी, दाखव."

कबरीवर पंचायतीनं दिलेली लाकडी पाटी होती. तिच्यावर फिल्का, पुढं आडनाव, दोन तारखा.

"ही कोण?" त्यानं विचारलं.

"वहिनी, आगा."

त्यानं वाकून पाटीचं वरचं टोक धरलं, जसा तो पैलवानाचं मनगट धरायचा, आणि मोठ्यानं पुकारलं:

"कोजापिनारची फिक्रीये! शाबान सुताराची लेक! तेहतीस वर्षं माझ्याशी झुंजली, एकदाही पाठ टेकली नाही!" आवाज चिरकला. त्यानं पुन्हा श्वास घेतला. "हिला जोड नाही."

खाली रस्त्यानं शिपाई सायकलवरून जात होता. तो थांबला, वर बघितलं आणि निघून गेला. दुर्मुशआगाच्या घशातून त्यानंतर तसा आवाज कधी निघाला नाही. डॉक्टर म्हणाला, भट्टीची धूळ.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात सरहद्द उघडली आणि आमचे लोक गाद्या-भांडी गाड्यांवर बांधून तुर्कस्तानला निघाले. नेवझातही निघाला. "बाबा, चला. इथं काय राहिलंय?"

"तुझी आई इथं दुसरीच्या नावानं झोपली आहे. तिला तशी टाकून येऊ?"

"माणसं सगळी चालली आहेत!"

"मग तू जा. तुला पोरंबाळं व्हायची आहेत."

नेवझातनं गाडी सुरू केली, बंद केली, उतरला, बापाच्या हाताचं चुंबन घेतलं आणि गेला. दुर्मुशआगा त्या दिवशी तंबाखू खुडायला गेला. शेतात तो आणि मी, बाकी पाच-सहा म्हाताऱ्या.

पुढच्या वसंतात नावं परत मिळाली. दुर्मुशआगाला त्याचं मिळालं. वहिनीचं मागायला गेला तेव्हा पंचायतीच्या खिडकीतली बाई म्हणाली, "मेलेल्यांसाठी अर्ज नाही, आजोबा." मग पेन्चो मास्तर स्वतःहून त्याच्या दारात आले. दोघं पाच वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. मास्तर म्हणाले, "ते नाव मी लिहिलं होतं. खोडायचा अर्जही मीच लिहितो." चार अर्ज लिहिले. एकाचंही उत्तर आलं नाही.

शेवटी दुर्मुशआगानं दगड आणला आणि वहिनीचं खरं नाव कोरायला छिन्नी माझ्या हातात दिली. मास्तर घाबरले. "परवानगी नको का?"

"पाटी ठोकताना तिला विचारलं होतं का, मास्तर?"

मास्तरांनी दगडाची दुसरी बाजू धरली.

एक्क्याण्णवला मैदान भरलं. दोन जोड्या, त्यातला एक पैलवान शेजारच्या गावातून मागून आणलेला. दुर्मुशआगानं नावं पुकारली. पहिल्या रांगेलाच ऐकू आली. मागचे लोक पुढच्यांना विचारत होते, काय म्हणाला?

दोन वर्षांनी, सकाळी, अंगणातच तो गेला. मी तिथंच होतो. नेवझात चौथ्या दिवशी बुर्साहून पोचला, तोवर आम्ही माती दिली होती. ओट्यावर बसून त्यानं विचारलं, "शेवटी काय म्हणाले?"

काहीतरी छानसं सांगावं असं मनात आलं, पण मैदानातल्या जुन्या जोडीदाराशी खोटं बोलवेना. "म्हणाले, दूध उतू जातंय, बघ."

नेवझात हसला आणि हसता हसता रडायला लागला. "गेलं होतं का उतू?"

"गेलं होतं," मी म्हणालो.

तो दोन दिवस राहिला. गाय माझ्या गोठ्यात बांधली, दाराला कुलूप लावलं आणि सकाळच्या बसनं गेला. कारखान्यात त्याला एवढीच रजा मिळाली होती.