मुदत गेली म्हणे

"मावशी, तो हात पदराखाली घ्या. पाहुणे येऊ राहिले."

सुपरवायझर माझ्या निम्म्या वयाचा. पट्टी बांधलेला हात मी पदराखाली घेतला. तेवढ्यानं त्याचं भागलं नाही. मला स्टुलासकट उठवलं आणि पत्र्याच्या भंगाराआड नेऊन बसवलं. पाहुणे आले, कारखान्यात फिरले, चहा प्यायले, गेले. चूक कारखान्याची आणि लपून बसले मी! तेव्हा मला माझीच लाज वाटली. त्याचा आज संताप येतो.

वाळूजच्या त्या लहानशा कारखान्यात मी ठेकेदाराकडून पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होते. मशीनला दोन बटणं. दोन हातांनी दोन्ही दाबली तरच ठोकळा खाली येतो. हात आत राहू नये म्हणून ती सोय. पण तसं केलं की माल कमी निघतो. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते दाबलेलंच ठेवायची आमच्याकडे रीतच होती. पाचर सुपरवायझर द्यायचा. ठोकायचो आम्ही बायका, तेही हसत. जिचा माल जास्त तिचं कौतुक. मी कौतुकाची भुकेली. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं त्या ठोकळ्याखाली चेचली.

हात बरा होईपर्यंत तात्पुरत्या अपंगत्वाची भरपाई दर पंधरवड्याला मिळते. मला ते माहीत नव्हतं. ठेकेदाराला होतं. बाराव्या दिवशी तो बजाजनगरला माझ्या खोलीवर आला. हातात सफरचंदं.

"घरी बसून काय करता मावशी? या कामावर. नुसतं स्टुलावर बसा. हजेरी लागंल."

मला तो देवमाणूस वाटला. त्याच्याच गाडीतून डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं पट्टी सोडलीसुद्धा नाही. ठेकेदाराकडे बघितलं आणि लिहिलं, 'कामावर हजर होण्यास योग्य'. मला सही येते. पण उजवा हात चालत नव्हता, म्हणून मी डाव्याचा अंगठा दिला. परत येताना पेढे घेतले आणि चाळीत वाटले. मूर्ख बाई! तेव्हापासून कुणी फळं घेऊन आलं की मी आधी त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते बघते.

कारखान्याच्या गेटवर एक फळा होता. वर रंगानं लिहिलेलं, 'अपघाताविना दिवस'. खाली खडूचा आकडा. भंगाराआड बसून आले त्या संध्याकाळी मी वॉचमनला विचारलं, "दादा, माझी बोटं गेली तवा हा आकडा पुसला होता का?"

"नाय ताई. रोज एक वाढतो. कधी पुसला नाय."

तेव्हा कळलं. स्टूल माझ्यासाठी नव्हतं. मी कामावर दिसले म्हणजे अपघात झालाच नाही, आणि डॉक्टरनं योग्य म्हटलं म्हणजे भरपाई द्यायलाच नको.

बोटं आखडत गेली. आतून ठणका सुरू झाला. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, पुन्हा ऑपरेशन करा, दोन महिने हात हलवायचा नाही, नाहीतर पंजा असाच वाकडा राहील. घरात कमावणारी मी एकटी. दोन महिने बसून खायचं काय? बुडवलेली भरपाई सुरू झाली तरच हात वाचणार होता. ठेकेदार म्हणायचा, "पुढल्या महिन्यात बघू." मी भरपाईच्या ऑफिसात गेले. एकदा म्हणाले, कारखान्याचं पत्र आणा. एकदा साहेब रजेवर. एकदा म्हणाले, ठेकेदाराला घेऊन या. चौथ्यांदा गेले तोवर अपघाताला दोन वर्षं उलटली होती. कारकुनानं माझ्या अंगठ्याचा तो जुना कागद काढला.

"मुदत गेली बाई. दोन वर्षांच्या आत यायचं होतं."

"आले होते की. तीनदा."

"आल्याचा कागद आहे?"

नव्हता. तीन वेळा पगार बुडवून मी त्याच टेबलापुढे उभी होते. कागदावर मात्र मी कधी आलेच नव्हते. ठेकेदाराचा 'पुढला महिना' काय होता, तेही आता उमगलं. तो दिवस मोजत होता आणि मी त्याला भला माणूस म्हणत होते.

शेजारच्या खोलीत शहनाज आपा राहते. माहेर खुलताबादचं. नवऱ्यामागं पेन्शनसाठी ऑफिसांचे उंबरे झिजवलेली बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"तोंडी बोलने का क्या भरोसा, बाई? अर्ज देव, सिक्का लेव. नहीं लेते बोले तो वो बी लिखवा के लेव."

खरं सांगते, मला तिचाही संशय आला. ही फुकट का शिकवते? इतकं मला त्या सफरचंदांनी नासवलं होतं.

तरी अर्ज लिहिला. डाव्या हातानं, चार दिवस लागले. त्यात पाचर लिहिली, स्टूल लिहिलं, तीन खेपा लिहिल्या. दोन प्रती केल्या आणि कारकुनापुढे ठेवल्या.

"मुदत गेली. अर्ज घेता येत नाही."

"नका घेऊ. घेत नाही एवढं लिहून द्या."

"असं लिहून देत नसतात."

"मग घ्या, आणि पोच द्या."

त्यानं फोन केला. अर्ध्या तासात ठेकेदार हजर. मी कुठं आहे हे त्याला इतक्या लवकर कसं कळतं, ते बघा.

"मावशी, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? अर्ज मागं घ्या. स्टूल जन्मभर तुमचंच हाय."

"ते तुम्हीच ठेवा. कोर्टात लई वेळ बसावं लागतं म्हणतात."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला उलटून बोलले. आणि टेबलापुढून हलले नाही. ऑफिस बंद व्हायच्या वेळेला कारकुनानं माझ्या प्रतीवर शिक्का आपटला आणि कागद अंगावर फेकला. मी तो खाली पडू दिला नाही.

शिक्का म्हणजे भरपाई नव्हे. केस उघडेल की नाही, मला ठाऊक नाही. उघडेपर्यंत हाताचं काय होईल, तेही ठाऊक नाही. वाकडा राहिला तर राहील. पण तो बरा झाला होता, असं यापुढे मी कुणाला लिहू देणार नाही.