मागांच्या आवाजात भरलेली कॅसेट

नवरा मस्कतला गेला तेव्हा आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. घरात चार यंत्रमाग होते, पण धंदा मंदावला होता. कुणा ओळखीच्या एजंटानं इलेक्ट्रिकचं काम येणारी माणसं हवीत म्हटलं आणि हे गेले. जाताना मला म्हणाले, "दोन वर्सं काय, बघता बघता जातील." ज्याला जायचं असतं त्याच्या तोंडी हे वाक्य फार सोपं असतं.

माझं माहेर निपाणीचं. वडील शाळेत मास्तर, घरात माणसं मोजकी आणि बोलणं हळू. तिथून मी बेळगावच्या वडगावात विणकरांच्या घरी आले. पुढच्या सोप्यात माग, मागच्या बाजूला आम्ही. सकाळी माग सुरू झाले की भांड्यातलं पाणीसुद्धा थरथरायचं. आमचे चार, शेजारचे सहा, समोरचे आणखी किती तरी, सगळी गल्ली एकाच वेळी खडखडायची. पहिले सहा महिने माझं डोकं ठणकत असे. सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू, मला स्वयंपाकघरातून काही विचारायच्या आणि मी नुसती मान हलवायची. मग हळूहळू मलाही ओरडून बोलायची सवय लागली. माहेरी गेले की आई कानावर हात ठेवून म्हणायची, "अगं, मी इथंच बसलीया. ओरडतीस कशाला?" मी ओरडतेय हे मला खरंच कळत नसे.

गेल्यावर वर्षभरानं ह्यांनी मस्कतहून येणाऱ्या एका माणसाबरोबर टेप पाठवला. रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, काळा, चकचकीत. सोबत एक भरलेली कॅसेट. तेव्हापासून घरात रिवाजच पडला. तिकडून कॅसेट यायची, आम्ही ती ऐकायची, तिच्यावरच आमचा आवाज भरायचा आणि कुणी जाणारा भेटला की त्याच्याकडे द्यायची. पहिली बाजू घराची आणि दुसरी माझी. हे कुणी ठरवलं ते आठवत नाही. पण मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, दुसऱ्या बाजूला कधी हात लावला नाही. पहिली बाजू संपली की ते टेप उचलून माझ्यासमोर ठेवायचे आणि चप्पल घालून बाहेर जायचे. त्या घरातली ती रीत मला फार आवडायची.

पहिली बाजू भरायचा सोहळा बघण्यासारखा असे. मामंजी सभेत बोलल्यासारखे घसा खाकरून सुरू करायचे. गल्लीत कोण मेलं, कुणाचं लग्न ठरलं, सुताचा भाव काय झाला, सगळं ओळीनं. आत्याबाईंचं मात्र वेगळंच. त्या टेपाकडे बघून विचारायच्या, "जेवलास का रं?" आणि उत्तराची वाट बघत बसायच्या. मामंजी म्हणायचे, "अगं, पुढं बोल की. त्यो आता जेवलाय का न्हाय ते पुढच्या कॅसेटीत कळंल."

माझ्या बाजूला मात्र मी एकच गोष्ट बोलत होते. तुम्ही परत या. पहिल्या वेळी मी ते लाजत, टेपाला तोंड लावून सांगितलं. म्हटलं, इथं सगळे मला नीट वागवतात, तरी मला करमत नाही. माणसांनी भरलेल्या घरात दिवसभर मी एकटी असते. मागांच्या आवाजात कुणाशी दोन शब्द बोलता येत नाहीत आणि रात्री माग थांबतात तेव्हा बोलायला कुणी नसतं. घरचे माग आहेत, ते आपण दोघं चालवू. दोन वर्षांचा करार संपला की पुन्हा सही करू नका. एवढंच. त्याच्यावर माझं सगळं अडून होतं, कारण करार संपायला आता वर्षच राहिलं होतं.

काही महिन्यांनी कॅसेट परत आली. पहिल्या बाजूला सगळ्यांची विचारपूस होती. दुसरी बाजू मी एकटी ऐकायला बसले. ह्यांचा आवाज आला, "तुझी बाजू लावली बग. पण मागाच्या आवाजात काय कळलं न्हाय. नुसती खडखड येत्या. बाकी मी बरा हाय, तू काळजी करू नको." आणि पुढं रेडिओवरची गाणी भरलेली. बाजू संपेपर्यंत गाणीच.

मला हसू आलं आणि रडूही आलं. पण चूक मागांची होती, माणसाची नव्हती, असं म्हणून मी कामाला लागले.

आधी मधल्या खोलीत भरून बघितलं. दार लावलं, फटीत फडकी कोंबली. ऐकलं तर खडखड तेवढीच. मग लक्षात आलं की टेप फरशीवर ठेवला होता, आणि आवाज नुसता हवेतून येत नाही, तो फरशीतूनही येतो. गोधडीची घडी करून तिच्यावर टेप ठेवला, तेव्हा खालची घरघर कमी झाली. मग मीच गोधडी डोक्यावरून घेऊन टेपासकट आत बसले. दसऱ्यानंतरचा उकाडा. घामानं अंग निथळलं, आणि कॅसेटीत काय आलं तर माझा धापा टाकलेला श्वास. मग बोलायच्या जाळीवर रुमालाची घडी ठेवली, तेव्हा श्वासाचा फूफू आवाज गेला. असं करत करत मी घरातल्या घरात चांगलीच तयार झाले. कुठला कोपरा किती वाजतो, कुठली भिंत शेजारच्या मागाला लागून आहे, लाकडी कपाट उघडं असलं की आवाज कसा घुमतो, हे सगळं मला कळायला लागलं. एवढा अभ्यास शाळेत केला असता तर वडिलांना आनंद झाला असता.

शेवटी जागा सापडली ती घडीच्या खोलीत. विणून झालेल्या साड्या तिथं घड्या घालून रचून ठेवत. तिन्ही बाजूंनी छातीपर्यंत साड्यांच्या थप्प्या. त्या खोलीत गेलं की आवाज कापडात मुरल्यासारखा वाटायचा. तिथं मी दुसऱ्यांदा सगळं बोलले. पुन्हा महिने गेले, पुन्हा कॅसेट आली. "ह्या वेळी जरा बरं हाय. पण मागं खडखड हायच. तुझं नीट काय लागत न्हाय." आणि पुन्हा गाणी.

त्या दिवशी मला ह्यांचा नाही, मागांचा राग आला. चालत्या मागाच्या अंगावर जाऊन बसावं, असं वाटलं. पण मागांनीच तर आम्हाला जेवायला घातलं होतं.

आता एकच उपाय उरला. लाईट गेली पाहिजे. आमचे माग बंद करून उपयोग नव्हता, सगळी गल्ली बंद पडायला हवी होती, आणि ते काम वीजखात्याशिवाय कुणाच्यानं होणार? त्या उन्हाळ्यात दुपारची लाईट रोजच जायची. बाकी सगळे शिव्या द्यायचे, मी मात्र वाट बघायची. पहिल्यांदा गेली तेव्हा मी टेप घेऊन धावले, पण सेल जुने होते. भरताना टेप हळू फिरला आणि नंतर नव्या सेलांवर लावला तर माझा आवाज उंदराच्या पिल्लासारखा चिवचिवत पळाला. मी हात टेकले. संध्याकाळी मामंजी खडेबाजारातून आले ते सेलांचा पुडा घेऊनच. माझ्यासमोर ठेवला आणि तंबाखू मळत बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. माग एकेक करून थांबले आणि गल्ली सुन्न झाली. मी घडीच्या खोलीत गेले, दार लावलं, गोधडी अंथरली, रुमाल ठेवला, बटण दाबलं. एवढी शांतता मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. मी बोलायला लागले. आधीचं सगळं सांगितलं आणि न सांगितलेलंही सांगितलं. म्हटलं, जेवायला बसले की तुमचं ताट वाढावंसं वाटतं. म्हटलं, तुमचा चेहरा मला आता नीट आठवत नाही, फोटो बघावा लागतो, आणि याची मला भीती वाटते. म्हटलं, पैसा नको, सोनं नको, तुम्ही या. बोलता बोलता रडले. ते पुसलं नाही, राहू दे म्हटलं. कॅसेट संपल्यावर मागं फिरवून थोडी ऐकली. स्वच्छ. एकही खडखड नाही. मला फार हलकं वाटलं.

दार उघडून बाहेर आले तर आत्याबाई सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या, हात थांबलेले. पुढच्या दारात आले. लाईट गेली की सगळी गल्ली बाहेर येऊन कट्ट्यांवर बसायची, तशी बसली होती. एरवी त्या वेळी केवढा गलका असायचा. आता कुणी बोलत नव्हतं. बापेमाणसं आपापल्या पायांकडे बघत होती. मामंजी आभाळाकडे बघत म्हणाले, "लाईट कवा येतीय कुणाला ठाऊक."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घडीच्या खोलीला वर झरोका होता, गल्लीच्या बाजूला. आत येणारा आवाज कसा अडवायचा याचा मी इतके महिने विचार केला होता. बाहेर जाणाऱ्या आवाजाचा एकदाही केला नव्हता. माग बंद होते, आणि माझा गळा मात्र मागांच्याच पट्टीत सुरू होता. मस्कतच्या आधी सगळ्या वडगावानं ऐकलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारची आक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी, तोंडाची फटकळ. ती जवळ आली, माझा पदर सारखा केला आणि हळू म्हणाली, "कॅसेट कशाला धाडतीस गं? आत्ताच ऐकू गेलं असंल त्याला." मी हसले, तशी तिचेच डोळे भरून आले. त्यानंतर या गोष्टीचा गल्लीत कुणी कधी उल्लेख केला नाही. रात्री आत्याबाईंनी मला आपल्या शेजारी बसवून जेवायला लावलं आणि माझ्या भातावर तूप जरा जास्तच वाढलं. एवढी माया होती त्या घरात, तरी मी एकटी होते. दोन्ही खरं होतं.

लाज वाटली तरी कॅसेट मी पाठवली. आता ऐकू येणार, याची मला खात्री होती. गल्लीत कुणी पाहुणा आला की मी हातातलं काम टाकून दारात यायची. शेवटी कॅसेट आली. पहिली बाजू नेहमीसारखी. दुसरी बाजू लावली. "ह्या वेळी आवाज लई चांगला आलाय. मागाची खडखड अजिबात न्हाय. सेल नवे घातले होतेस व्हय?" मग थोडा वेळ नुसती टेपाची सरसर. मग गाणी. मी शेवटपर्यंत ऐकली. गाण्यांच्या मागं कुठं काही राहिलंय का, म्हणून पुन्हा पहिल्यापासून ऐकली. काही नव्हतं. काही दिवसांनी कळलं की करारावर पुन्हा सही झाली आहे.

दिवाळीच्या सुमाराला ते दीड महिन्याच्या रजेवर आले. अंगानं भरले होते, सेंटचा वास यायचा. पहिले काही दिवस भेटायला येणाऱ्यांतच गेले. मग एका दुपारी मी घडीच्या खोलीत काम करत होते, तर ते आत आले आणि साडीचं दुसरं टोक धरलं. साडीची घडी दोघांनी घातली की चांगली बसते. दोन साड्या झाल्यावर मी विचारलं, "ऐकू आलं होतं ना तुम्हाला? मग बोलला का नाही?"

त्यांनी काठाला काठ जुळवला. मग म्हणाले, "पयल्या कॅसेटीतबी आलं होतं."

मला वाटलं, मला नीट कळलं नाही. सोप्यात माग चालूच होते.

"मागाखाली रांगलोय गं मी," ते म्हणाले. "मागाच्या आवाजात माणूस काय बोलतंय ते मला कळत न्हाय व्हय? सगळं कळलं होतं. पण कळलं म्हटलं असतं तर यावं लागलं असतं."

मी विचारलं, "आणि यायचं का नव्हतं?"

"तितं बरं वाटतं मला. काम झालं की खोलीवर यायचं, पडायचं. शांत असतंय." एवढं बोलून त्यांनी साडी थप्पीवर ठेवली आणि पुढची उचलली. त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं, हेच मला जास्त लागलं. भांडायला काहीतरी हाताशी लागतं, ते तिथं नव्हतं. मी माझं टोक धरलं आणि घडी पुरी केली.

रजा संपली, ते गेले. नंतरही कितीतरी वर्षं जात-येत राहिले. कॅसेटी सुरूच होत्या. मामंजी पहिली बाजू भरायचे, टेप माझ्यासमोर ठेवायचे आणि बाहेर जायचे. मी टेप मांडीवर घेऊन बसायची आणि बाजू संपेपर्यंत बटण दाबून ठेवायची, एक शब्दही न बोलता. आत फक्त माग भरले जायचे. ह्यांची कॅसेट यायची, तिच्यावर म्हणायचे, तुझी बाजू ऐकली, बरं वाटलं.