आमची जीप पळत का नव्हती

ती घटना आठवली की आजही माझी मान ताठ होते. साठच्या दशकात मी पालघरला फौजदार होतो. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं, बोईसरला बाहेरगावचे मजूर उतरले होते आणि दारूबंदीच्या त्या काळात दमणकडून चोरटी दारू मोटारीने यायची. ती मोटार आमच्या डोळ्यांदेखत निसटली. एकदा नव्हे, दोनदा!

दोन्ही वेळा खबर पक्की होती. लांबून फेरा मारून आम्ही तिला गाठलंही. पण पाठलाग सुरू झाला की आमची जीप मान टाकायची. इंजिन आचके द्यायचं आणि काटा तिशीच्या पुढे सरकायचा नाही. दुसऱ्या वेळी तर मोटारीतल्या एका गड्याने खिडकीतून हात काढून आम्हाला टाटा केला. काय सांगू, अंगाची नुसती लाही लाही झाली.

इन्स्पेक्टरसाहेबांचा संशय जीपच्या ड्रायव्हरवर गेला. हा शिपाई पालघरजवळच्या माहीमच्या कोळीवाड्यातला, बाप होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. "दारूवाल्यांनी फितवलंय त्याला," साहेब गरजले. "चौकशी करा आणि निलंबनाचा अहवाल टेबलावर आणा."

मी त्याला समोर उभा केला. "खरं बोल. कोणाचं मीठ खातोस?"

"सरकारचं, साहेब. पाय पार खाली दाबला व्हता. गाडीच उचलत नाय, तर मी काय करू?"

"मग गॅरेजात तपासली की कशी पळते?"

"त्ये मला नाय ठावं." त्याने टोपी काढून हातात घेतली. "बा घरात घेत नाय, साहेब. म्हनतो, वर्दी विकलीस. बोंबील सुकवणाऱ्या बाया बोट दाखवतात माज्याकडं."

नोकरीत मी पुष्कळ खोटारडे पाहिले. खोटं बोलणारा कारणं तयार ठेवून येतो. या बेट्याकडे एकही कारण नव्हतं! मला तिथेच वाटलं, हा खरा आहे. पण फौजदाराला काय वाटतं, याला कचेरीत कोण विचारतो?

गाडी वेग का घेत नाही याची कारणं मला पाठ होती. मोटार वाहन शाखेत काढलेले दिवस मी फुकट घालवले नव्हते. ब्रेक चिकटत असतील, क्लच घसरत असेल, कार्बोरेटरात कचरा असेल, टायरात हवा कमी असेल, सायलेन्सर तुंबला असेल. एकूण एक तपासलं. मिस्त्रीने पेट्रोल ओतलं आणि जीप बाजारातून फिरवून आणली. एकदम झकास! म्हणजे खोड लांबच्या धावेनंतरच निघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः स्टिअरिंग धरलं आणि त्याला शेजारी बसवलं. माकुणसारपर्यंत जाऊन उलट फिरलो आणि बोईसरचा रस्ता घेतला. सालवडच्या अलीकडे मोकळा रस्ता लागला, तसं पेडल तळाला टेकवलं. आणि झालं की नाही तेच! पोटात पेट्रोल असून इंजिन उपाशी मरत होतं. मी उतरून टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली. लगेच पुन्हा दामटली, तर जीप सुसाट सुटली.

त्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल संपत जातं, तशी त्यातून हवा आत येते. हवा अडली की पेट्रोल पुढे सरकत नाही. इथे ते भोक गच्च बुजलेलं होतं. मिस्त्री पेट्रोल ओतायला झाकण उघडायचा, त्यामुळे त्याला दोष कधी दिसलाच नाही.

"हे कोणी बुजवलं?" मी विचारलं.

"मीच की, साहेब!" गडी मोठ्या ऐटीत म्हणाला. "खाडीतून गाडी घालतो तवा पानी उडतं. भोक दिसलं, म्हनून बाच्या होडीची राळ तेलात कढवून लावली. थेंब जायचा नाय आत."

मी कपाळाला हात लावला आणि मग पोट धरून हसलो. कोळ्याचा पोर तो, भोक दिसलं की बुजवणारच. सरकारी गाडीची काळजी घेता घेता त्याने तिचा श्वासच कोंडला होता. सगळं उलगडून सांगितलं, तसं त्याने तारेने कोरून ते भोक मोकळं केलं.

साहेबांना मात्र एवढं पुरेना. "गोष्ट छान आहे, फौजदार. पण मोटार कुठंय?"

"आणतो, साहेब. ड्रायव्हर हाच राहील."

आमचा खबऱ्या लवकरच नवी खबर घेऊन आला. या वेळी साहेब स्वतः मागच्या बाकावर बसले. भर दुपारी तारापूरच्या रस्त्यावर मोटार दिसली आणि ड्रायव्हरने पेडल दाबलं. दारू भरलेल्या टायरच्या ट्यूबांच्या ओझ्याने मोटार मागे टेकली होती, ती किती पळणार? बघता बघता आम्ही तिला मागे टाकून जीप आडवी घातली. टाटा करणारा तो गडी दोन्ही हात वर करून उतरला. पंचनामा होईपर्यंत साहेब जीपच्या बाकावरच बसून राहिले. मग उठले आणि सगळ्यांसमोर ड्रायव्हरची पाठ थोपटली. अहवाल मी लिहिला, पण निलंबनाचा नव्हे, बक्षिसाच्या शिफारशीचा. आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कोणत्याही शिपायाविरुद्ध, त्याच्या जागी स्वतः बसून पाहिल्याशिवाय, मी एक ओळ लिहिली नाही.

संध्याकाळी माझ्या निरोपावरून ड्रायव्हरचा बाप, म्हातारा तांडेल, ठाण्यात आला. मी त्याला जीपजवळ नेऊन झाकण दाखवलं. त्याने ते डोळ्यापाशी धरलं, भोकातून उजेड पाहिला.

"येवढुशा भोकापायी?" तो पुटपुटला. मग पोराकडे न बघताच म्हणाला, "चल घरी. मायनं जेवन राखलंय."

ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. त्याची ड्युटी अजून संपली नव्हती.

"जा रे," मी म्हणालो. "आज जीप मी चालवतो."