बाभळीची गाठ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढे उभा राहिलो तरी डोळे मिटून दुसरंच काहीतरी पुटपुटलो. देवाला काय, सगळं ठाऊकच असतं, असं म्हणून वेळ मारून नेली. तुम्हाला सांगतो. तुम्ही मध्येच उठून जाणार नाही असं वाटतं म्हणून.

पण एकदम जमणार नाही. जरा लांबून येऊ द्या.

बहात्तरच्या दुष्काळात मी एकोणीस वर्षांचा होतो. आमचं गाव तिसगावच्या अलीकडे, माळावर. घरात आई, थोरला भाऊ आण्णा, वहिनी आणि मी. वडील लवकर गेलेले, त्यामुळे आण्णा मला भाऊ कमी आणि बाप जास्त. मी मॅट्रिकला गटांगळी खाल्ली तेव्हा सगळ्या गावाला वाटलं, आता हा मार खाणार. आण्णाने नगरला जाऊन माझ्यासाठी ट्रान्झिस्टर आणला. म्हणाला, "रडत बसू नगं. बातम्या आयकत जा, चार शब्द कानावर पडत्याल." बातम्या मी कधी ऐकल्या नाहीत. मी ऐकायचो ते नाटक.

दर बुधवारी संध्याकाळी लागायचं. भुताचं. मुंबईत तेव्हा टीव्ही आला म्हणत होते, पण आम्हाला कानच पुरे होते. एक ओसाड गढी, गढीत जुनी बारव, बारवेत राहणारं काहीतरी, आणि दोन भाऊ. त्या बारवेतल्याला नाव नव्हतं. त्याचा नुसता श्वास ऐकू यायचा — फुस्स, फुस्स — आणि आमच्या ओट्यावर बसलेल्या बाया एकमेकींना चिकटायच्या. ते थोरल्या भावाला धरतं. मग त्याला एकेक जण सोडून जातो. बायको जाते, गडी जातात, पैजेवर आलेला मांत्रिकसुद्धा जोडे हातात घेऊन पळतो. धाकटा तेवढा जात नाही. शेवटच्या बुधवारी थोरला बारवेत ओढला गेला आणि धाकटा वर दोर धरून उभा राहिला. तळहाताची सालटी निघाली, रक्त दोरावरून खाली ओघळलं, पण दोर त्याने सोडला नाही.

मी ढसाढसा रडलो. खोटं कशाला सांगू, दोन दिवस मला जेवण गेलं नाही. असं माणूस असू शकतं? एवढं? मी सुन्न होऊन ओट्यावर बसायचो आणि स्वतःचे तळहात बघायचो. मग मी ठरवलं, की मीही असाच आहे. ठरवायला काय लागतं? एकोणिसाव्या वर्षी माणूस काहीही ठरवतो.

आता विहिरीचं सांगायला हवं.

आमची विहीर आटली होती, तशी गावातल्या सगळ्यांचीच. आण्णा ती आणखी खोल खणत होता. खाली काळा पाषाण लागलेला, तिथे कुदळ चालेना, म्हणून सुरुंग लावायचे. आमच्या भागात विहिरीची एक जुनी रीत आहे. खाली उतरणाऱ्याचा दोर भावाच्या हाती द्यायचा नाही, मेव्हण्याच्या हाती द्यायचा. कारण म्हातारी माणसं तोंडावर सांगतात — भावाला जमिनीची वाटणी दिसते, मेव्हण्याला बहिणीचं कुंकू दिसतं. म्हणून वहिनीचा भाऊ किसन त्याचं काम टाकून सोनईहून आला होता. आण्णा खाली उतरला की दोरापाशी तोच उभा. दोराचं एक टोक तो काठावरच्या बाभळीच्या बुंध्याला बांधायचा, गाठ मारून दोनदा ओढून बघायचा, आणि मग कप्पीवरून खाली सोडलेला मधला दोर हातात घ्यायचा. म्हणजे हात चुकला तरी बाभळ धरेल.

किसन फार बोलणारा नव्हता. मला मात्र त्याचं तिथे उभं राहणंच सोसेना. ते नाटक ऐकल्यापासून तर नाहीच. माझ्या भावाचा दोर आणि धरायचा परक्याने? मला वाटणी दिसते म्हणजे काय? मी घरात रुसलो, जेवणावरून उठलो, आईला मध्ये घातलं. शेवटी आण्णा हसला. म्हणाला, "पाव्हणं, उद्या ऱ्हाऊ द्या तुमी. बाळ्याच्या अंगात रेडूतलं नाटक संचारलंय. त्याला धरू द्या."

 दुसऱ्या दिवशी किसनने नेहमीसारखी बाभळीला गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली आणि मला म्हणाला, "भावजी, हिला हात लावू नका." आणि जनावरांसाठी चारा बघायला तिसगावला निघून गेला.

मी गाठ सोडली.

बघा, एवढं तरी निघालं तोंडातून. का सोडली? नाटकातल्या धाकट्याच्या मागे बाभळ नव्हती. त्याच्या मागे काहीच नव्हतं, त्याचे दोन हात फक्त. मला तसं हवं होतं. बाभळीच्या भरवशावर भाऊ धरायचा आणि त्याला निष्ठा म्हणायचं? मी ती गाठ नखं लावून, दात लावून सोडली. पक्की होती. सुटता सुटत नव्हती. किती वेळ लागला मला! एवढ्या वेळात कोणी शहाणा झाला असता.

दुपार होती. विहिरीच्या वरच्या अर्ध्या भागात काठाने पाय ठेवायला पायटे होते, खालच्या नव्या भागात नव्हते. तिथून दोराच्या आधाराने, कातळाला पाय लावत चढायचं. वरच्याने फक्त दोर ताठ धरायचा आणि ढिला पडेल तसा ओढून घ्यायचा. काम अवघड नव्हतं हो. गडी "बार हाय, बार!" ओरडत लांब बांधाआड गेले. आण्णाने खाली सुरुंगाच्या वाती पेटवल्या आणि हाक दिली, "वढ रं!"

मी ओढलं. खरंच ओढलं. चार-पाच हात दोर वर आला असेल. दोराला त्याचं वजन लागलं, ते अजून माझ्या खांद्यांना आठवतं. मग खालून धूर आला आणि धुराबरोबर आवाज. वातींचा. फुस्स, फुस्स. माझ्या अंगातून जीवच गेला. पुढे काय झालं ते इतकं लहान आहे की सांगायला लाज वाटते. मी दोर सोडला आणि ढुंगणाला पाय लावून पळालो. पाठीमागे कप्पी गरगर फिरल्याचं ऐकलं. आण्णाची हाक ऐकली — माझं नाव. मी थांबलो नाही.

बार उडाला. दगड पडले. धूळ बसली.

इथवर भित्रेपणा म्हणा. भीती कोणाला वाटत नाही? मी स्वतःला तेवढं तरी माफ करू शकलो असतो. पण धूळ बसल्यावर मी काठाशी परत आलो आणि — थांबा, हेच सांगायचं आहे, याच्यासाठीच इतक्या लांबून आलो — मी विहिरीत डोकावलो नाही. आधी नाही. बाभळीच्या फांदीला बैलाचा कासरा अडकवलेला होता. मी तो काढला, एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं फांदीला ताणून बांधलं, आणि त्याच्यावर दोन्ही तळहात घासले. जोरात. पुन्हा पुन्हा. सालटं निघून रक्त येईपर्यंत. मग कासरा होता तिथे अडकवला. मग विहिरीत पाहिलं.

हे मी केलं. माझा भाऊ खाली जिवंत आहे की मेला हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी वर उभा राहून हात रंगवत होतो. इतकी वर्षं झाली, अजून मला हे खरं वाटत नाही. कोणी हे मला दुसऱ्या कोणाचं म्हणून सांगितलं असतं, तर त्या माणसाच्या तोंडावर मी थुंकलो असतो. डोकं इतकं थंड कुठून आलं? पळताना तर ते जागेवर नव्हतं!

आण्णा जगला. खाली पडला तसा तो सरपटत कातळातल्या कपारीत शिरला होता. डावा पाय तेवढा बाहेर राहिला. नगरच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापला. गडी पळत आले तेव्हा मी काठावर हात पसरून ओरडत होतो, "गाठ सुटली! बाभळीची गाठ सुटली!" कोणी विचारण्याच्या आधीच. माझे हात बघून एक म्हातारा गडी रडायला लागला. म्हणाला, "रेडूतला भाऊच रं तू." मी मान खाली घातली. तेव्हा ती शरम आहे असं लोकांना वाटलं नाही.

किसन संध्याकाळी आला. आईने त्याला दारातच धरलं. काय काय बोलली ते सांगत नाही. तो एवढंच म्हणाला, "म्या दोनदा वढून बगितली हुती." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांना हळद लावून चिंध्या बांधलेल्या होत्या. तो त्या चिंध्यांकडे बघत राहिला. मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार. मला ते हवंही होतं — असं आज म्हणतो, पण तेव्हा मी मनातल्या मनात त्याला गप्प राहा म्हणत होतो. तो गप्पच राहिला. दोन दिवसांनी दवाखान्याच्या ओट्यावर मला गाठून हळूच म्हणाला, "भावजी, माजीच चुकली असंल. घाई झाली असंल मला."

त्याला घाई झाली नव्हती. दोनदा ओढून पाहिलेली गाठ होती ती. पण त्याला स्वतःच्या हातांचा भरवसा उरला नव्हता, आणि तो मी काढून घेतला होता. मी काय केलं? "जाऊ द्या, पाव्हणं," म्हणालो. मोठ्या मनाने!

आईने बजावलं, याचं पाऊल या घरात नको. वहिनीने ते ऐकलं, कारण तिच्यासमोर पाय गेलेला नवरा होता. तिने माहेरी जाणं सोडलं. किसनने वर्षभराने धान्याचं पोतं पाठवलं, ते तिने परत पाठवलं. गावात मात्र आण्णा कुबडी टेकून बसून येईल त्याला सांगायचा, "बाळ्यानं दोर सोडला न्हाई. दोरच सुटला. हात बगा त्याचं." आणि मी हात दाखवायचो. हो, दाखवायचो. पुढे वण बुजले, तरी आण्णा बोट ठेवून म्हणायचा, इथं हुतं. त्याची पोरं माझे तळहात धरून बघायची. त्या विहिरीला नंतर पाणी लागलं. गोड आहे, अजून प्यायला तेच आणतो.

पहिल्याच दिवाळीला वहिनीने पाट मांडला. भाऊबीज होती. तिला ओवाळायला भाऊ नव्हता, म्हणून ती मला म्हणाली, "भावजी, तुमीच बसा. माजा भाऊ आता तुमीच." मी बसलो. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि डोळे पुसत आत गेली. त्यानंतर दरवर्षी. आई गेली, आण्णा गेला, तरी दरवर्षी. किसनच्या पाटावर मी बसत आलो.

गेल्या पावसाळ्यात किसन वारला. सोनईहून माणूस आला सांगायला. त्याने जाता जाता असंच सांगितलं, की म्हातारा शेवटी शेवटी दावं बांधलं तरी पुन्हा पुन्हा सोडून बांधायचा, गुरांना त्रास व्हायचा. वहिनी दाराशी ऐकत होती. गेली नाही. तोंडसुद्धा पाहायला गेली नाही. दिवसभर चुलीपुढे बसून राहिली, आणि संध्याकाळी मला म्हणाली, "भावजी, एका गाठीपायी माज्या भावाला म्या जन्मभर तोडलं. बराबर केलं का वो म्या?"

मी म्हणालो, "बरोबर केलंत, वहिनी."

दिवाळी आली. तिचे हात आता थरथरतात, ताट धरवत नाही. तरी पाट मांडला. मी बसलो. तिने कुंकू लावलं.

गाठ पक्की होती.