तिगावच्या ओसरीवरचा वर्ग

सौसरच्या शांताबाई, गुडघे आता कसे आहेत? बोरगावचे नामदेवराव, खोकला हटला का? पांढुर्ण्याच्या मंडळींनो, घरी पोराबाळांचं बरं आहे ना? आमचे माधवराव सर साठ वर्षांचे झाले, म्हणून त्यांच्या तुम्हा जुन्या विद्यार्थ्यांना हे पत्र. पोळ्यापासून त्यांचा डावा हात वर जात नाही. हे लपवून गौरव लिहिणं मला जमायचं नाही.

सरांची माझी पहिली भेट त्यांच्याच पडवीत झाली. पोस्टाने येणारे वाणिज्याचे धडे ते मुलांना समजावून सांगत. दुकानात बसून हिशेब शिकलेल्या माझ्यासारख्या अडाण्याला त्यांनी सोबतीला घेतलं. नव्या प्रत्येकाला ते आधी विचारत, "तुले यातून काय पाहिजे?" कुणी म्हणे नोकरी, कुणी म्हणे सोयरीक जुळली पाहिजे. सर हसत, पण स्पष्ट सांगत, "नोकरीची हमी माझ्यापाशी नाही." कित्येक जण तिथूनच परत फिरत.

एकदा तिगावचे भिवाजी आपल्या विधवा सुनेला, शालूला, घेऊन आले. "घरीच बसून शिकनार नं, मास्तर? म्हनून तं आनलं."

सरांनी तिलाच विचारलं. ती खाली पाहत म्हणाली, "मले घराच्या भाईर निघाचं हाय."

भिवाजी ताडकन उठले. "चाल! झालं शिक्षन."

गावात टीव्ही आल्यापासून रविवारी सगळे तिकडे धावतात. सर त्या रविवारी मला घेऊन पॅसेंजरने तिगावला भिवाजींच्या घरी गेले.

"काऊन आले जी?"

"शिकवाले. तुमीबी बसा."

भिवाजी ओसरीवर पाठ फिरवून बसले, पण उठून गेले नाहीत. असे पुष्कळ रविवार गेले. शालू जमा-नावे बिनचूक लिहू लागली. परीक्षा मात्र छिंदवाड्याला. भिवाजींनी धाडलंच नाही. परतताना गाडीत सर शालूची वही तपासत बसले. पुढच्या रविवारी पुन्हा निघाले.

हात अधू झाला तरी ते जातात. यंदा भिवाजी थोडे नरमले आहेत. "पन राती राहीन कोठी? बायामानसाचं घर दाखवा, मंग धाडतो." आमच्यापाशी दाखवायला तसं घर नाही. निघताना शालू मला हळूच म्हणाली, "बाबाजी, सर थकून राहिले. यंदा हुकलं तं पुन्हा कोन येईन?"

सरांना उदंड, निरोगी आयुष्य मिळो, हे मी रोज मागतो. डॉक्टर मात्र धड काही बोलत नाहीत. तेव्हा सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनो, शाल-श्रीफळ राहू द्या. छिंदवाड्यात ज्यांच्या घरी आई-बहीण आहे आणि पेपर संपेपर्यंत एका बाईपुरती जागा आहे, त्यांनी पत्ता कळवावा. उलट टपाली लिहा. पेपर पुढच्या महिन्यात आहेत.